टाळेबंदी, शिधापत्रिका आणि स्थलांतरित श्रमिक : मारतहळ्ळीचे उदाहरण

मारतहळ्ळी हे बंगळूर शहराच्या पूर्व भागातील, बाह्य वर्तुळाकार मार्गावरील उपनगर होय. माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये आणि त्यांच्या परिसरातील बांधकामे यांमुळे येथे परप्रांतीयांचे दोन वर्ग एकमेकांशेजारी राहतात : संगणक क्षेत्रातील कर्मचारी आणि बांधकाम, साफसफाई वा घरकाम करून उदरनिर्वाह करणारे श्रमिक. २५ मार्च २०२० रोजी कोरोना साथीमुळे देशव्यापी टाळेबंदी लागू झाली, तेव्हा या दोन वर्गांचे अनुभव भिन्न ठरले.

पहिल्या वर्गासाठी दूरसंचार विभागाने १३ मार्च २०२० रोजीच नियम शिथिल केले होते. त्यामुळे घरून काम करणे सुलभ झाले व वेतन सुरू राहिले. दुसऱ्या वर्गाचा रोजगार मात्र एका रात्रीत थांबला.

धान्याची मदत

केंद्र सरकारने २६ मार्च २०२० रोजी १ लाख ७० हजार कोटी रुपयांची गरीब कल्याण योजना जाहीर केली. तीनुसार शिधापत्रिकेवरील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्य मोफत मिळणार होते. परंतु श्रमिकांची शिधापत्रिका बहुधा गावच्या पत्त्यावर होती. कर्नाटक हे १ जानेवारी २०२० पासून 'एक देश, एक शिधापत्रिका' व्यवस्थेत सहभागी असलेल्या १२ राज्यांपैकी एक होते. बिहार व उत्तर प्रदेश १ मे रोजी, तर ओडिशा १ जून रोजी त्यात आले. त्यामुळे मदतीची सर्वाधिक निकड होती, त्या पहिल्या आठवड्यांत या राज्यांतील श्रमिकांना बंगळुरात आपल्या शिधापत्रिकेवर धान्य घेता येत नव्हते. शिधापत्रिका नसलेल्या स्थलांतरितांसाठी दोन महिन्यांच्या मोफत धान्याची घोषणा १४ मे रोजी झाली.

रोख मदत

कर्नाटक शासनाने नोंदणीकृत बांधकाम कामगारांना प्रथम २ हजार व नंतर ३ हजार रुपये देऊ केले. हा निधी बांधकाम खर्चावरील उपकरातून उभा राहतो. मात्र १९९६ च्या कायद्यानुसार नोंदणीसाठी वर्षभरात ९० दिवस काम केल्याची अट होती. ठेकेदार व शहर वारंवार बदलणाऱ्या मजुराला तसा दाखला मिळवणे कठीण होते.

परतीचा प्रश्न

१ मे २०२० पासून श्रमिक विशेष गाड्या धावू लागल्या. ५ मे रोजी बांधकाम व्यावसायिकांशी बैठक झाल्यानंतर कर्नाटक शासनाने या गाड्यांची मागणी मागे घेतली. देशभर टीका होताच दोन दिवसांत हा निर्णय फिरवण्यात आला. हाती काम नाही, धान्य नाही आणि घरी जाण्याचा मार्गही बंद, अशी श्रमिकांची त्या दिवसांतील अवस्था होती.

पुढील बदल

सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२१ रोजी सर्व राज्यांना 'एक देश, एक शिधापत्रिका' योजना ३१ जुलैपर्यंत राबवण्याचा आदेश दिला. २६ ऑगस्ट २०२१ रोजी असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी 'ई-श्रम' सुरू झाले. जून २०२२ मध्ये आसामच्या सहभागाने शिधापत्रिकेची ही व्यवस्था देशभर पूर्ण झाली.

साथीच्या काळात मदतीच्या योजना होत्या व गोदामांत धान्यही होते. उणीव होती ती हक्क आणि वास्तव्य यांची सांगड घालण्याची. श्रमिक जेथे राबतो तेथेच त्याचा हक्क त्याला मिळावा, हे तत्त्व धान्यापुरते स्वीकारले गेले आहे. निवारा आणि रोख साहाय्य यांबाबतही तेच तत्त्व लागू झाल्यास पुढील आपत्तीत मारतहळ्ळीसारख्या उपनगरांतील श्रमिकांवर गावाकडे पायी निघण्याची वेळ येणार नाही.