स्पॅनिश क्रियापदांतील आज्ञार्थ आणि अविधानार्थ

क्रियापदाच्या रूपावरून काळाप्रमाणेच वक्त्याचा हेतूही कळतो. या हेतूला मराठी व्याकरणात ‘अर्थ’ म्हणतात आणि स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ असे त्याचे चार प्रकार मानतात. स्पॅनिशमध्ये पुरुषवाचक रूपांचे अर्थ तीन: स्वार्थ, आज्ञार्थ आणि एक तिसरा, ज्यास मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. त्यास येथे ‘अविधानार्थ’ म्हणू. ‘संशयार्थ’ ही संज्ञा सदोष ठरेल. ‘तू आलास याचा मला आनंद आहे’ यात संशय कसलाच नाही. तरीही स्पॅनिशमध्ये ‘आलास’ हे याच तिसऱ्या अर्थात जाते. वक्ता तेथे आनंदाचे विधान करतो. येणे गृहीत असते.

प्रथम अविधानार्थाची रूपसिद्धी. वर्तमान स्वार्थाचे प्रथमपुरुषी एकवचन घ्यावे आणि अन्त्य ‘ओ’ काढून आर-वर्गीय धातूंना ‘ए’, इतरांना ‘आ’ जोडावा. आब्लो (बोलतो) याचे आब्ले, कोमो (खातो) याचे कोमा, तेन्गो (माझ्याजवळ आहे) याचे तेन्गा. अपवाद सहा: सेर, एस्तार, आबेर, इर, दार, साबेर. हे सहा पाठ करण्याची गरज नाही. ज्यांचे प्रथमपुरुषी रूप ‘ओ’ने संपत नाही, तेच हे धातू.

आता आज्ञार्थ. त्याची स्वतःची रूपे दोनच: (१) ‘तू’साठी आब्ला, (२) स्पेनमधील अनेकवचनी ‘वोसोत्रोस’साठी आब्लाद. (स्पॅनिश ‘तू’ आणि मराठी ‘तू’ यांत अर्थाचाही फरक नाही.) दुसऱ्यातील ‘द’ हा लॅटिन आज्ञार्थाच्या अनेकवचनी ‘ते’ प्रत्ययाचा अवशेष होय. ‘तू’ची अनियमित रूपे आठ असून ती सर्व एकाक्षरी आहेत: दी (सांग), पोन (ठेव), बेन (ये) इत्यादी. उरलेली सर्व रूपे अविधानार्थाकडून उसनी घेतलेली आहेत. आदरार्थी ‘उस्तेद’ हे मुळात ‘आपली कृपा’ अशा संबोधनाचे आकुंचन असल्याने त्याचे क्रियापद तृतीयपुरुषी असते. म्हणून बोलण्याची विनंती ‘आब्ले’. मराठीतही आदर वाढला की ‘बसा’ जाऊन ‘आपण बसावे’ येते, म्हणजे आज्ञार्थ सोडून विध्यर्थ.

निषेधात तर स्वतंत्र रूपे मुळीच चालत नाहीत. ‘आब्ला’चा निषेध ‘नो आब्लेस’, ‘आब्लाद’चा ‘नो आब्लेइस’. हे विचित्र वाटण्याचे कारण नाही. संस्कृतात ‘माङ्’ या निपाताच्या योगाने पाणिनीने लोट् (आज्ञार्थ) न सांगता लुङ् (भूतकाळ) सांगितला आहे, आणि मराठीतही ‘कर’चा निषेध ‘न कर’ होत नाही, ‘करू नकोस’ होतो. सर्वनामांचे स्थानही पालटते. ‘मला ते सांग’ यासाठी ‘दीमेलो’ असा एकच शब्द: क्रियापद आधी, सर्वनामे मागे चिकटलेली. निषेधात ‘नो मे लो दिगास’: सर्वनामे सुटी होऊन क्रियापदाच्या आधी येतात.

अविधानार्थाचे खरे क्षेत्र गौण वाक्य. ‘के बेन्गा’ (त्याने यावे) ही आज्ञा म्हणजे ‘किएरो के बेन्गा’ (त्याने यावे असे मला वाटते) यातील मुख्य वाक्य गाळून उरलेला भाग, असे मानता येते. विशेषणात्मक वाक्यात भेद सूक्ष्म होतो. ‘बुस्को आ उन मेदिको के आब्ला फ्रान्सेस’ म्हणजे फ्रेंच बोलणारा एक ठरावीक डॉक्टर मी शोधतो आहे. ‘आ’ काढून ‘आब्ले’ म्हटले की कोणीही चालेल, आणि तसा कोणी मिळेलच असेही नाही. मराठीत ‘फ्रेंच बोलणारा डॉक्टर शोधतो आहे’ हे दोन्हींकडे लागते. दुसरा अर्थ नेमका करायचा तर ‘फ्रेंच बोलेल असा’ म्हणावे लागते.

यावरून आज्ञार्थ आधी आणि अविधानार्थ पुष्कळ नंतर, हा पाठ्यपुस्तकांतील रूढ क्रम चुकीचा ठरतो; ऋणकोपूर्वी धनको शिकवावा. स्वतंत्र रूपे अस्थिरही आहेत. अर्जेंटिनात ‘वोसोत्रोस’ वापरात नाही आणि ‘तू’ची जागा ‘वोस’ने घेतली आहे. त्याचा आज्ञार्थ ‘आब्ला’च, पण आघात अन्त्य स्वरावर, कारण तो ‘आब्लाद’मधील ‘द’ गळून झालेला आहे. निषेध मात्र तेथेही ‘नो आब्लेस’.