चेंडू दिला, कप्तानी नाही : बाळू पालवणकरांची गोष्ट

संधी नाकारली म्हटलं की आपल्याला बंद दार दिसतं. पण अर्धवट उघडलेलं दारही असतं. आज त्याबद्दल बोलतो.

बाळू पालवणकर, जन्म 1876. चांभार कुटुंबातला हा मुलगा पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची कामं करायचा. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, जाळी लावायची. पगार महिना चार रुपये. तिथे जे. जी. ग्रेग नावाच्या नामांकित फलंदाजाला सरावासाठी गोलंदाज हवा होता. बाळूंनी त्याला तासन्‌तास डावखुरी फिरकी टाकली आणि त्यात हात तयार झाला. बॅट मात्र साहेबांची. ती यांच्या हाती क्वचितच यायची.

पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं, म्हणून बाळूंना संघात घेतलं. मैदानात सगळे एकाच चेंडूला हात लावायचे. चहाची वेळ झाली की बाकीचे आत, चिनी मातीच्या कपात चहा घेणार. आणि बाळू बाहेर, वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यात. विकेट चालायच्या, पंगत चालायची नाही!

1911 साली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी 114 बळी घेतले. एवढं करूनही मुंबईच्या स्पर्धेत हिंदू संघाची कप्तानी त्यांना कधी मिळाली नाही. 1920 साली तर त्यांना संघातूनच वगळलं. तेव्हा त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम निषेध म्हणून संघाबाहेर पडले. मग कुठे बाळूंना उपकप्तानपद देऊन समेट झाला. पुढे 1923 साली विठ्ठल कप्तान झाले आणि हिंदू संघाने ती स्पर्धा जिंकली.

मला वाटतं, मुद्दा इथेच आहे. बाळूंच्या कौशल्याची सगळ्यांना गरज होती, त्यामुळे तेवढं दार उघडलं. पण कप्तान म्हणजे ज्याचं बाकीच्या दहांनी ऐकायचं. तिथे जात आडवी आली. आणि विठ्ठलना जे मिळालं तेही आपोआप नाही मिळालं. त्याआधी भावांना संघ सोडावा लागला होता.

तेव्हा एखादी संस्था ‘आमच्याकडे सगळ्यांना प्रवेश आहे’ असं म्हणाली, तर पुढचा प्रश्न विचारा : निर्णय कोण घेतं?