कंपनी म्हणाली ‘कोण घेणार?’, आणि जेम्स ब्राउननं खिशात हात घातला

मागच्या वेळी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं होतं, की तुझा सगळ्यात आवडता लाइव्ह अल्बम कोणता? उत्तर द्यायला मला फार विचार करावा लागला नाही. ‘लाइव्ह ॲट द अपोलो’. गायक जेम्स ब्राउन. लांबी जेमतेम अर्धा तास. पण त्या अर्ध्या तासामागची गोष्ट भारी आहे, आज तीच सांगतो.

साल १९६२. ब्राउन तेव्हा २९ वर्षांचा होता. जॉर्जियातल्या ऑगस्टा गावात अत्यंत गरिबीत वाढलेला हा मुलगा आता कृष्णवर्णीय श्रोत्यांमध्ये स्टार झाला होता. गावोगावी शो हाउसफुल्ल. पण त्याची एक खंत होती. शोमध्ये जी आग लागते, ती स्टुडिओतल्या रेकॉर्डवर उतरतच नाही. म्हणून तो आपल्या कंपनीकडे, सिनसिनाटीच्या किंग रेकॉर्ड्सकडे गेला आणि म्हणाला, माझा शो आहे तसा रेकॉर्ड करा.

मालक सिड नेथन यांनी साफ नकार दिला. आता, नेथन काही मूर्ख नव्हते हं. त्यांचा धंदा चालायचा छोट्या सिंगल रेकॉर्ड्सवर. लाइव्ह अल्बममध्ये नवीन गाणं एकही नसणार. मग जी गाणी लोकांच्या घरात आधीच आहेत, तीच पुन्हा, वर आरडाओरड्यासकट, कोण विकत घेणार? हिशेब म्हणून बघितलं तर बरोबरच होतं.

ब्राउननं काय केलं? सुमारे ५,७०० डॉलर स्वतःच्या खिशातून घातले. त्या काळात ही रक्कम लहान नव्हती. अल्बम पडला असता, तर पैसेही गेले असते आणि कंपनीत शब्दाला वजनही उरलं नसतं.

जागा ठरली न्यूयॉर्कच्या हार्लेममधलं अपोलो थिएटर. १२५व्या रस्त्यावरचं हे थिएटर म्हणजे कृष्णवर्णीय कलाकारांची कसोटीच. इथला प्रेक्षक आवडलं तर डोक्यावर घेणार, नाही आवडलं तर तोंडावर हुर्यो उडवणार. बुधवारी तिथं हौशी कलाकारांची रात्र असायची. १९३४ साली एला फिट्झगेराल्ड अशीच इथं जिंकली होती.

रेकॉर्डिंगचा दिवसही बुधवारच, २४ ऑक्टोबर १९६२. ही तारीख ओळखीची वाटतेय? क्यूबाच्या क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत युनियन समोरासमोर उभे होते. क्यूबाभोवतीची अमेरिकेची नाकेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. उद्या जग असेल की नाही, अशी ती वेळ. आणि हार्लेममध्ये लोक तिकीट काढून गाणं ऐकायला आले होते. तो अल्बम ऐकताना ही गोष्ट माझ्या डोक्यातून जातच नाही.

आता, अल्बम भारी का आहे? एक म्हणजे, बँड. ब्राउन चुकलेल्या वादकाला दंड करायचा, त्यामुळे सगळे सुईच्या टोकावर वाजवतात. एक गाणं संपलं की श्वास घ्यायच्या आत दुसरं. दुसरं म्हणजे, प्रेक्षक. ‘लॉस्ट समवन’ हे गाणं इथं दहा मिनिटांहून जास्त चालतं. ब्राउन आवाज हळूहळू खाली आणतो, एकच ओळ घोळवत बसतो, आणि मधल्या रिकाम्या जागेत बायका किंचाळतात. तो थांबतो, त्यांची वाट बघतो, मग उत्तर देतो. आपल्याकडे मैफलीत दाद मिळाली की गवय्याला पुढची जागा सुचते ना, तसंच. नेथनना ज्या आरडाओरड्याची भीती होती, तोच इथं अर्धं गाणं आहे.

अल्बम १९६३ मध्ये बाजारात आला. बिलबोर्डच्या पॉप अल्बमच्या यादीत दुसऱ्या नंबरपर्यंत चढला आणि ६६ आठवडे त्या यादीत राहिला. रेडिओवाले एकेक गाणं न लावता अख्खी बाजू लावायचे, बाजू बदलताना जाहिरात. लोकांना गाणी माहीत होती हे खरंच. त्यांना हवी होती ती रात्र.

ब्राउन २००६ च्या नाताळात गेला. तीनच दिवसांनी त्याचं पार्थिव अंत्यदर्शनासाठी ठेवलं होतं ते याच अपोलोच्या स्टेजवर, आणि बाहेर रस्त्यावर लांबच लांब रांग लागली होती.

एक काम करा. एलपीवर ‘लॉस्ट समवन’ मधोमध तुटायचं, कारण एका बाजूला मावत नव्हतं. फोनवर ते सलग ऐकता येतं. तेव्हा हेडफोन लावा, शफल बंद करा, आणि पहिल्यापासून ऐका. पुढच्या भागात भेटूच!