मेढ, कूड आणि निस्तार

चंद्रपूरचा इतिहास सांगावयास उभा राहिलेला वक्ता प्रथम गोंड राजांच्या परकोटाकडे बोट दाखवितो. दगड टिकला, म्हणून त्याला इतिहास लाभला. लाकूडमातीच्या ज्या घरांत या प्रदेशाची रयत राहत आली, त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही. आज आम्ही त्या घराविषयीच बोलणार आहोत.

गडचिरोलीकडच्या रानातले जुन्या रीतीचे गोंड-माडिया घर घ्या. खड्डे खणून त्यांत दुबेळक्याचे खांब पुरतात. अशा खांबाचे मराठी नाव मेढ. लग्नमांडवातली मुहूर्तमेढ ती हीच. दुबेळक्यांत मयाली बसवायच्या, मधल्या उंच मेढींवर आढे ठेवायचे, त्यावरून वासे सोडायचे आणि सालीच्या दोरांनी सारे आवळून बांधायचे. छपराचा भार सर्वस्वी या सांगाड्यावर असतो. भिंत मागाहून येते; बांबूचा कूड आणि त्याला माती, शेण व तणस यांचा गिलावा. पावसाने कूड ढासळला, तरी घर उभेच राहते.

आता इंग्लंडातले एक घर पाहू. शेक्सपिअरची पत्नी ॲन हॅथवे हिचे माहेरघर १४६३ च्या सुमाराचे. ओकच्या वाकड्या जोडलाकडांचा सांगाडा, मध्ये काटक्यांचा कूड, त्यावर मातीचा लेप आणि माथ्यावर गवत! दोन्हीकडच्या सुतारांची कधी गाठ पडली नव्हती. रान जवळ असलेला माणूस असेच घर बांधणार. १८९२ साली एका विश्वस्त संस्थेने ते विकत घेतले आणि आज लोक तिकीट काढून ते पाहतात.

आमच्याकडे असे जुने घर का उरले नाही? तिकडे लाकूड दगडी जोत्यावर उभे, इकडे मेढ जमिनीत पुरलेली. तिला ओल लागते, वाळवी लागते. काही वर्षांनी मेढ बदलायची हे घराच्या रचनेतच गृहीत धरलेले असते. अर्थात झाडावरचा हक्क हा त्या घराचा पायाच म्हटला पाहिजे. घर, नांगर व सरपण यांपुरते रानातून घेणे याला आपल्याकडे निस्तार म्हणतात. घरदुरुस्तीपुरते लाकूड घेण्याचा असाच हक्क इंग्लंडातल्या रयतेलाही होता. १८७८ च्या वनकायद्याने सरकारी राखीव जंगले पक्की केली आणि आमच्याकडे निस्तार हक्काचा न राहता सवलतीचा झाला.

त्याचे परिणाम फार पुढेपर्यंत पोचले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने १९८० नंतरच्या दशकात परंपरेप्रमाणे सागवानी खांबांचे घोटुल उभारले. घोटुल म्हणजे गावच्या तरुणांचे एकत्र जमण्याचे घर. वनखात्याने ते पाडले. सागवानाच्या जंगलात राहणाऱ्यांनी सागाचा खांब रोवला, हा अपराध! याच भागातले सागवान २०२३ साली बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिरासाठी समारंभपूर्वक रवाना झाले, हे श्रोत्यांना आठवत असेल.

गावाने घोटुल पुन्हा बांधले; शेजारच्या गावांनीही आपापली घोटुले उभारली. पुढे २००६ चा वनहक्क कायदा झाला आणि २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मेंढ्याला लेखी मिळाला.