दोना पावलाची कबर

गोमंतकात वाटेवरचा जुना दगड सहसा मुका राहत नाही. पाळी-डिचोलीपासून पेडण्यापर्यंत कुठे वीरगळ, कुठे सतीची शिळा, तर कुठे निनावी थडगे आढळते; आत कोण निजले आहे याची आठवण पुसली की गाव तेथे एक कथा उभी करते. परंतु कबरीवर नाव कोरलेले असूनही कथेने तिच्यावर मात करावी, हा प्रकार विरळा. पणजीजवळच्या दोना पावला या स्थळी नेमके हेच घडले आहे.

दोना पावला नावाच्या कुलीन पोर्तुगीज स्त्रीचे गास्पार दियश या कोळ्यावर प्रेम जडले, घरच्यांनी विवाहास नकार दिला आणि तिने कड्यावरून समुद्रात उडी घेतली, असे सांगतात. चांदण्या रात्री गळ्यात मोत्यांची माळ घालून ती लाटांतून वर येते, अशीही पुस्ती जोडली जाते. धक्क्याजवळचे स्त्रीपुरुषांचे शिल्प या दोघांचेच, असे प्रवाशांना ऐकविले जाते.

आता दगडाची साक्ष पाहावी. काबो येथे राज्यपालांच्या निवासस्थानाच्या आवारात सोळाव्या शतकातील एक प्रार्थनामंदिर आहे. दोना पावलाची कबर तेथे आहे. ती डिसेंबर १६८२ मध्ये वारली. ती अविवाहित प्रेमिका नव्हती. आंतोनियु द सौतु मायोर याची ती पत्नी, आणि या घराण्याच्या जमिनी याच परिसरात होत्या. शिवाय आत्महत्या करणाऱ्यास धर्मविधीपूर्वक मूठमाती नाकारण्याचा दंडक ब्रागा येथील धर्मपरिषदेने सहाव्या शतकातच घातला होता. कड्यावरून जीव दिलेल्या स्त्रीला त्या काळी प्रार्थनामंदिरात विसावा मिळणे जवळजवळ अशक्यच होते.

प्रियकराचे नावही संशयास्पदच. गास्पार दियश हा मिरामार भागातील जमीनदार. त्याचे नाव लाभलेला किल्ला सोळाव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे पावलाच्या मृत्यूपूर्वी सुमारे ऐंशी वर्षे, उभा राहिला. शेजारच्या किनाऱ्याचे नाव कथेने उचलून कोळ्याला दिले, असेच दिसते. शिल्प तर १९६९ सालचे. युर्सा फॉन लाइस्टनर या शिल्पकर्त्रीने घडविलेल्या त्या दोन आकृतींपैकी एक पूर्वेकडे व दुसरी पश्चिमेकडे पाहते. पावलाशी त्यांचा संबंध नाही.

तरीही दंतकथा टिकली, याचे कारण साधे आहे. शिल्प हमरस्त्याच्या टोकाशी उघड्यावर आहे आणि कबर फाटकाआड. ओडावेल हे जुने नाव मागे पडून गाव जिच्या नावाने ओळखले जाऊ लागले, त्या गृहिणीचा संसार लोक विसरले आणि तिने कधी न घेतलेली उडी मात्र आजही सांगतात.