रामकृष्ण मिशन सेवाश्रम, वाराणसी

वाराणसीत गोदौलियाजवळच्या लक्सा भागातील धर्मादाय रुग्णालय व वृद्धाश्रम. बनारसी लोकांच्या तोंडी मात्र त्याचे नाव ‘कौडिया अस्पताल’ असेच आहे.

काशीत देह ठेवावा म्हणून देशभरातून वृद्ध माणसे येत. महाराष्ट्रातूनही अनेकजण उतारवयात काशीवासाला जात. पुण्य लाभावे म्हणून चालवलेली अन्नछत्रे इथे मुबलक होती. पण जो उठूही शकत नाही, तो छत्रापर्यंत पोचणार कसा? सेवाश्रमाचा जन्म या उणिवेतून झाला.

जून 1900 मध्ये जामिनीरंजन मजुमदार या तरुणाला रस्त्याकडेला एक आजारी म्हातारी पडलेली दिसली. त्याच्या खिशात दमडी नव्हती. त्याने एका वाटसरूकडे चार आणे मागितले आणि तिच्या पोटात काही जाईल अशी सोय केली. ‘उद्बोधन’ या बंगाली नियतकालिकातल्या विवेकानंदांच्या एका कवितेने हा तरुण आणि त्याचे मित्र भारावले होते. चारुचंद्र दास (पुढे स्वामी शुभानंद) व केदारनाथ मौलिक (पुढे स्वामी अचलानंद) हे त्यांतले प्रमुख. भिक्षा मागून, भाड्याच्या जागेत त्यांनी निराधार रुग्णांसाठी आसरा उघडला आणि दारिद्र्यनिवारणाची संस्था असे त्याचे नाव ठेवले.

फेब्रुवारी 1902 मध्ये विवेकानंद काशीत आले. निवारण करणारे आपण कोण, आपल्या हाती फक्त सेवा आहे, असे त्यांनी या मुलांना समजावले आणि नाव बदलायला लावले. मदतीसाठीचे जाहीर आवाहनही त्यांनी लिहून दिले. त्याच वर्षी आश्रम विवेकानंदांनी स्थापलेल्या रामकृष्ण मिशनकडे आला.

लक्साच्या जागेवर 1908 मध्ये मिशनचे अध्यक्ष स्वामी ब्रह्मानंद यांनी पायाभरणी केली आणि 1910 मध्ये नव्या इमारतींत काम सुरू झाले. बांधकामावर देखरेख होती स्वामी विज्ञानानंदांची. पूर्वाश्रमीचे हे हरिप्रसन्न चट्टोपाध्याय पुण्यात शिकलेले स्थापत्य अभियंता. सरकारी नोकरी सोडून ते संन्यासी झाले होते. पुण्यातली ही विद्या काशीच्या अनाथांच्या कामी आली, याचे मराठी वाचकाला अगत्य वाटावे.

रामकृष्ण परमहंसांच्या पत्नी शारदादेवींनी 1912 मध्ये आश्रम हिंडून पाहिला आणि दहा रुपयांची नोट देणगी म्हणून दिली. ती आजही जपून ठेवली आहे. रामकृष्णांचे शिष्य स्वामी तुरीयानंद यांनी अखेरचे दिवस इथेच काढले (मृत्यू 1922). शेजारचा, याच परंपरेतला अद्वैत आश्रमही 1902 पासूनचा.

भाड्याच्या आसऱ्याचे आज सुमारे 230 खाटांचे रुग्णालय झाले आहे. बाह्यरुग्ण विभाग आहे, शस्त्रक्रिया होतात. या विस्तारात मूळचा निराधार माणूस बाजूला पडला नाही, हे या संस्थेचे मोठेपण. वृद्ध पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठी इथे स्वतंत्र निवास आहेत. घाट आणि देवळे पाहायला गेलेल्यांनी लक्सालाही अवश्य जावे. दशाश्वमेध घाटापासून ते फार लांब नाही.