बेशिस्त ठोक्यांची कुळकथा

नाडी मिनिटाला 60 पडते म्हणजे दर सेकंदाला नेमका एक ठोका पडतो, असं नाही. एक अंतर 940 मिलिसेकंदांचं, पुढचं 1,050चं, त्यापुढचं 980चं. श्वास घेताना ठोके घाई करतात, सोडताना रेंगाळतात. या कमीजास्तपणाला डॉक्टर हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, थोडक्यात एचआरव्ही म्हणतात. हार्ट फेल्युअरमध्ये तो आटत जातो. वैद्यकाला हे उमगलं ते मात्र आडवाटेनं.

टेडिंग्टनचा पाद्री स्टीफन हेल्स यानं घोडीला जमिनीवर बांधलं, मांडीतल्या रोहिणीत पितळी नळी खुपसली आणि तिला काचेची उंच नळी जोडली. रक्त आठ फुटांच्या वर चढलं आणि तिथं वरखाली होत राहिलं. या हेलकाव्यांचा श्वासाशी संबंध आहे, हे त्यानं 1733च्या ग्रंथात नोंदवलं. पुढे 1847 साली कार्ल लुडविगनं काजळी धरलेल्या कागदाचा फिरता दंडगोल बनवला आणि त्यावर नाडीच स्वतःचा आलेख काढू लागली. श्वासागणिक बदलणारी गती आता डोळ्यांना दिसत होती. तरीही शंभरेक वर्षं ती शरीरशास्त्राच्या पुस्तकातली एक गंमत एवढीच राहिली.

तिला कामाला लावलं प्रसूतितज्ज्ञांनी. बाळ पोटात गुदमरू लागलं की ठोक्यांची संख्या बदलण्याआधीच त्यांच्यामधल्या अंतरांचा नूर बदलतो, असं 1963च्या सुमारास एडवर्ड हॉन या प्रसूतितज्ज्ञानं दाखवलं. सत्तरच्या दशकात एडिंबरोत डेव्हिड युइंग मधुमेहींच्या नसा तपासत होता. त्याची चाचणी फार साधी. रुग्णानं मिनिटाला सहा या संथ लयीत श्वास घ्यायचा, आणि ईसीजीवर सर्वांत जलद व सर्वांत मंद गतीतला फरक मोजायचा. फरक मिनिटाला 15 ठोके किंवा जास्त असला तर ठीक. 10 किंवा कमी असला तर हृदयाकडे जाणाऱ्या नसा बिघडल्या असं समजायचं. ना सुई, ना रक्त. मला ही चाचणी या साऱ्या इतिहासातली सर्वांत देखणी वाटते.

हृदयविकारवाले उशिरा आले. झटक्यानंतर ज्यांच्या ठोक्यांत असमानता टिकून होती, ते रुग्णालयात कमी दगावले, हे मेलबर्नमध्ये 1978 साली दिसलं. मग नॉर्मन होल्टरनं शोधलेल्या, अंगावर बाळगायच्या ईसीजी यंत्रामुळे दिवसभराचे लाखभर ठोके हाती आले आणि त्यांच्यामधल्या अंतरांचं प्रमाण विचलन काढता आलं. क्लायगर या संशोधकाच्या 1987च्या अभ्यासात झटका येऊन गेलेले 808 रुग्ण होते. हा आकडा 50 मिलिसेकंदांखाली असलेल्यांना मृत्यूचा धोका 100च्या वर असलेल्यांपेक्षा पाचपटीहून जास्त निघाला.

हार्ट फेल्युअरमध्ये ही असमानता आटण्याचं कारण सरळ आहे. पंप दुबळा झाला की रक्तदाब टिकवण्यासाठी शरीर सिंपथेटिक नसांकरवी हृदयाला सतत पळवत ठेवतं, आणि श्वासासरशी लगाम ओढणारी-सोडणारी व्हेगस नस मागे हटते. लगामच सुटला की उरते एकसुरी दौड. 1998च्या ब्रिटिश अभ्यासातल्या 433 रुग्णांत आकडा 100च्या वर असलेल्यांचा वार्षिक मृत्युदर 5.5 टक्के, 50 ते 100 असलेल्यांचा 12.7 आणि 50च्या खालच्यांचा 51.4 टक्के होता.

इतकं असूनही हा आकडा उपचार ठरवणारा झाला नाही, आणि ते योग्यच. एट्रियल फिब्रिलेशन असलं तर ठोके मुळातच सैरभैर, तिथं हे गणित निरर्थक. पेसमेकरच ठोके देत असला तरी तेच. बीटा ब्लॉकरनं एचआरव्ही सुधारते खरी, पण ही औषधं हार्ट फेल्युअरमध्ये रुळली ती मोठ्या चाचण्यांत मृत्यू कमी झाले म्हणून.

आज हा आकडा मनगटावरच्या घड्याळात येऊन बसला आहे. ते घड्याळ थोड्या वेळाचं मोजमाप घेतं, पुष्कळदा निराळ्याच सूत्रानं; त्यातले 50 म्हणजे वरच्या अभ्यासातले 50 नव्हेत. घरात हार्ट फेल्युअरचा रुग्ण असेल तर त्यावरून गोळ्या कमीजास्त करू नका. रोज सकाळी वजन करा. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं किंवा पाय सुजले, तर डॉक्टरांना लगेच कळवा.